शेडमधला पॉइंट

करुणा पिशोरची. आयटीआयला वायरिंग शिकून आमच्या घरात सून म्हणून आली, अन् आल्या दिवसापासून तिचा डोळा मागच्या शेडवर. शेडमध्ये माझा शिवराज खिडक्यांच्या जाळ्या करतो. ग्राइंडर, ड्रिल, वेल्डिंग, सगळं घरच्या घरी. हिला त्याच शेडच्या कोपऱ्यात बसून मुकुंदवाडीतल्या बायांचे मिक्सर अन् पंखे दुरुस्त करायचे होते.

मी म्हटलं, "शेडसाठी सहा सॉकेटचं बोर्ड कर. दर सॉकेटला वेगळं बटण. माझ्या टेस्टरला पास झालं तर कोपरा तुझा. नाय झालं तर शेडचं नाव काढायचं नाय."

टेस्टर माझा म्हणजे ह्यांचा. आमचे हे वायरमन होते. माझी शाळा चौथीत सुटली, पण तीस वर्षं शिडीखाली उभी राहून मी त्यांच्या हातात टेस्टर दिला. बटण बंद केल्यावर सॉकेटच्या कुठल्याच भोकात टेस्टर पेटता कामा नये, एवढं मला झोपेतबी कळतं.

करुणानं शहागंजातून तीन तारांची जाड वायर आणली. लाकडाची पेटी केली, ग्राइंडरसाठी मोठं सॉकेट घातलं, दर बटणाशेजारी बारका लाल दिवा बसवला. झाकण लावायच्या आधी मी वाकून बघितलं. एक तार इकडची तिकडं नव्हती. काम साफ होतं, अन् तेच मला टोचलं.

खंडेनवमीला शिवराजनं सगळी हत्यारं पुसून मांडली. शेडच्या भिंतीतला पॉइंट म्हणजे ह्यांच्या हातचं शेवटचं काम, म्हणून पहिलं हळदीकुंकू दरवर्षी त्यालाच. मग ग्राइंडर, मग ड्रिल. बोर्डापाशी मी हात आखडला.

शेजारची जैतुनबी बंद पडलेला मिक्सर काखेत घेऊन आलीच होती. "सारजा, बहू के हाथ में हुनर है. पहला मिक्सर मेरा."

"आधी पास होऊ दे," मी म्हटलं.

करुणानं बोर्डाची पिन भिंतीतल्या पॉइंटात लावली. सगळी बटणं बंद. मी पहिल्या सॉकेटात टेस्टर घातला. उजव्या भोकात काही नाय. डाव्या भोकात पेटला. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. सहाच्या सहा सॉकेटं मी सावकाश तपासली, सगळ्यांना दिसेल असं.

"बटण बंद अन् करंट चालू. हे शिकवलं व्हय तुला आयटीआयला? लाल दिवे तेवढे झकास बसवलेत. सरणावरबी उजेड पाहिजेच."

ती रडेल वाटलं होतं. रडली नाय. भिंतीकडं बघत म्हणाली, "आत्या, बोर्ड बरोबर हाय. पॉइंटातल्या तारा उलट्या असतील, म्हणून बटण करंटाची तार सोडून दुसरीच तोडतंय. टेस्टर द्या, तिथं लावून बघते."

मी टेस्टर कमरेला खोचला. "मेलेल्या माणसाची परीक्षा घेती का? तुझ्या बापाच्या घरात चिमणी जळायची, तवापासून लोकांच्या घरी लाइट देत होते ते."

शिवराज हातातलं फडकं ठेवून बायकोजवळ आला. "करुणा, बाबांच्या कामाला नाव ठेवू नको. आईची माफी माग."

तिनं माफी मागितली. जैतुनबीच्या देखत. जैतुनबीनं मिक्सर गुमान परत काखेत घेतला.

तारा उलट्याच होत्या. मला सात वर्षांपासून माहीत होतं. अंगात ताप असताना ह्यांनी तो पॉइंट बसवला अन् बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले, "लाल-काळी उलटी बसली बघ सारजे, उद्या करतो." तो उद्या आला नाय. आठ दिवसांत गेले. आयुष्यात एक चूक केली माणसानं. ती चारचौघांत उघडी करायला पिशोरची पोरगी मी आणली नव्हती.

दुपारी स्वयंपाकघरात गेले तर तिनं तेच बोर्ड ओट्याजवळच्या पॉइंटाला लावलेलं. स्वतःचा टेस्टर घेऊन बसलेली. बटणं बंद, अन् बाराही भोकं गार.

"बघा आत्या. शेडमधून ह्यांना बोलवू का?"

"बोलीव. कुणाचं चुकलं म्हणणार?"

तिनं टेस्टर बोर्डावर ठेवला.

"बापाच्या फोटोला हात जोडल्याबिगर तो चहा पीत नाय. बोलीव की."

"आत्या, ते ग्राइंडरचं बटण बंद करून आतलं काम करतात. आत करंट राहतो. एक दिवस झटका बसंल." मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "तुम्हाला माहीत हाय."

मी देवघरातून कुंकवाचा करंडा आणला. बोर्डाला हळद लावली, कुंकू लावलं. "पास," म्हटलं. "लई चांगलं केलंस. आता हे हितंच राहील, ओट्याजवळ. त्याच्यापाशी तूबी."

तिनं शिवराजला हाक मारली नाय. मारणार नव्हतीच.

जैतुनबी आठवड्यानं परत मिक्सर घेऊन आली. मी दारातूनच सांगितलं, आमच्याकडं दुरुस्ती होत नाय.

अन् शिवराज ग्राइंडर उघडायला बसला की मी कुठंबी असले तरी शेडच्या दारात जाऊन उभी राहते. "आधी पिन काढ," म्हणते. "बटणावर भरवसा ठेवू नको."

तो हसतो, पिन काढतो अन् आत आवाज देतो, "बघितलंस करुणा? आईची माया."

आत पोळपाटावर लाटणं थांबतं. मग परत सुरू होतं.