मोकळा रकाना

"आजोबा, तुमचंच काहीतरी चुकतंय. बाकीच्यांचे अर्ज जातात ना!" काउंटरवरच्या कारकुनानं तेच पुन्हा ऐकवलं, तेव्हा आतल्या खोलीतल्या प्रोग्रामरबाई खुर्ची मागे सारून उठल्या.

बाहेर म्हातारे शिंपीकाका उभे होते, पायाला हे भलंमोठं बँडेज. जखम धुवायला आरोग्यखात्याची नर्स त्यांच्या घरी यायची. त्याचा अर्ज दर महिन्याला वेबसाइटवर भरावा लागे, आणि आज दुपारपर्यंत तो गेला नाही तर नर्सच्या फेरीतून त्यांचं नाव गळणार होतं. म्हणून ज्या पायासाठी नर्स घरी यायची, तोच पाय ओढत ते खात्याच्या या कचेरीपर्यंत आले होते.

"या काका, माझ्याशेजारी बसा. कसं भरता ते दाखवा बघू."

वेबसाइट ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे प्रोग्रामच्या तयार सांगाड्यावर, उभी होती, त्याची नवी आवृत्ती गेल्याच आठवड्यात चढवली होती. तेव्हापासून तक्रारींचा पाऊस पडत होता आणि साहेबांचं एकच पालुपद चालू होतं, लोकांना धड भरता येत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, हे खरं तर लोकांनी साहेबांना सुनावायचं; इथे सगळा उलटाच कारभार.

काकांनी टाके घालावेत तसं एकेक अक्षर टाइप केलं. नाव, पत्ता, जखम कुठे. 'नातेवाईकाचा फोन' या रकान्यापाशी थबकले आणि पुढे गेले.

"हा सोडलात?"

"कुणाचा देऊ, ताई? आधीही मोकळाच ठेवायचो. चालायचं तेव्हा."

बटण दाबलं. पान लुकलुकलं आणि कोरं होऊन परत आलं. काय चुकलं, याचा एक शब्द नाही.

बाईंनी सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या. ओळीमागून ओळ तीच: फोन अंकांत हवा. जुनी आवृत्ती मोकळ्या रकान्याच्या वाटेला जात नसे; नवी तिथेही अंक शोधत होती. आणि चूक सांगणारी ओळ नव्या पानावर यायचीच बंद झाली होती. म्हणजे ज्यांचं कुणी नाही, नेमके तेच दाराबाहेर, आणि वर दोषही त्यांनाच. चोर सोडून संन्याशाला फाशी! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तडक साहेबांच्या खोलीत शिरल्या.

"शनिवारी बघू," साहेब म्हणाले. "चालू साइटला हात नको. तोवर शेजाऱ्याचा नंबर टाका म्हणावं."

"खोटं का लिहायचं त्यांनी? चूक आपली आहे, साहेब."

"आपली कशी? नवी आवृत्ती चढवण्याआधी सगळ्या स्टाफनं तिच्यात आपापले अर्ज भरून पाहिले होते. तुम्हीसुद्धा. एकतरी अडला?"

बाईंनी आठवून पाहिलं. खरंच अडला नव्हता. प्रत्येकानं घरातल्या कुणाचा ना कुणाचा नंबर टाकला होता. त्यांनीही बोटांच्या सवयीनं आईचा टाकला होता. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. घरी आता त्या एकट्याच होत्या. तरी फॉर्मनं तो नंबर निमूट घेतला. गेलेल्या माणसाचा नंबर चालतो, पण कुणी नाही हे चालत नाही! साहेबांवर होता तेवढाच राग आता त्यांना स्वतःचाही आला.

"मी आत्ता बदलतेय. माझ्या नावावर लिहून ठेवा."

"महागात पडेल हं, बाई."

"पडू दे. त्या काकांना असल्या पायानं इथवर यावं लागलं, ते काय स्वस्तात पडलं?"

साहेबांनी मान फिरवली. बाई जागेवर आल्या. नियमात एवढंच वाढवायचं होतं, की हा रकाना रिकामा चालेल. चूक दाखवणारी ओळही त्यांनी पानावर परत आणली. मग तपासून बघायला स्वतःचाच अर्ज उघडला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. नातेवाईकाच्या फोनपाशी बोटं आपोआप आईच्या नंबराकडे वळली. त्यांनी ती आवरली, रकाना मोकळा सोडला आणि बटण दाबलं.

'अर्ज मिळाला.'

काका शेजारून बघत होते. "ताई, तुमचाही मोकळाच?"

"हो, काका," त्या म्हणाल्या, आणि कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला.