दोन तीदा

बाबा सहलीला नेतो म्हणाले, तेव्हाच तीदाच्या मनात पाल चुकचुकली. ब्रिकामाच्या बाजारात शिवणयंत्राला चिकटून बसलेल्या या माणसाने आजवर मुलांना कुठे नेलं होतं? मशिदीत, दवाखान्यात आणि कुणाच्या तरी बारशाला. आणि आता म्हणे वासूला जायचं, हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांच्या थडग्यांवरचे दगड बघायला!

"सहलीला समुद्रावर का नाही जायचं?" तीदाने विचारलं.

"समुद्र काय, कधीही बघता येतो."

"मग दगड काय पळून चाललेत?"

आईने डोळे वटारले. उत्तर नसलं की आई डोळे वटारायची, हे तीदाला पाठ होतं.

वासूला आत्या राहायची. बाबांची धाकटी बहीण, तिचंही नाव तीदा. तिच्याच नावावरून हिचं नाव ठेवलेलं, म्हणून ती हिची तोमा आणि ही तिची. आता तोमा म्हणजे काही लांबची पाहुणी नव्हे. मूलबाळ नसलेल्या तोमाने मागितली, तर नावाची पोर तिच्या घरी राहायला धाडतात. तीदाच्या वर्गातली कुम्बा अशीच सुट्टीत चार दिवस म्हणून तोमाकडे गेली, ती आजतागायत परत आलेली नाही. बाकावर खिळ्याने कोरलेलं तिचं नाव तेवढं राहिलंय. आणि आत्याचा नवरा गेल्या वर्षीच वारला होता. घरात ती एकटी, मूल नाही. बाकी काय सांगायचं राहिलं?

त्यात गेल्या आठवड्यात सुतार येऊन तीदाची खाट मोजून गेला. "कशाला मोजताय?" म्हटलं तर म्हणाला, "बाबांना विचार." बाबांना विचारलं तर म्हणाले, "सुताराला विचार." पाच वर्षांचा देम्बो घरभर नाचत सुटला, "खाट माझी होणार! खाट माझी होणार!" त्याला कुणी गप्प बस म्हणालं नाही.

आणि काल दुपारी तर कहरच झाला. आतल्या खोलीत बाबा आईला सांगत होते, "तीदाला आधी काही बोलायचं नाही. तिथे गेल्यावरच सांगू. रडेल चार दिवस, मग होईल सवय."

तीदा दाराबाहेर कान लावून उभी होती. रडेल चार दिवस! म्हणजे पाचव्या दिवशी हे सगळे इथे निवांत जेवत बसणार.

सकाळी पहिल्या बोटीने नदी ओलांडली. बाबांच्या दोस्ताची व्हॅन मिळाली होती. पायाशी ही मोठी बॅग. तीदाने हळूच उचलून बघितली, तर हलकी फूल. आत तिचे दोन फ्रॉक, देम्बोची चड्डी, आईचं एक लुगडं, बस्स. एवढी मोठी रिकामी बॅग कशाला? मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आत्याकडे भुईमुगाचं शेत होतं. मला ठेवणार आणि शेंगा भरून आणणार!

पलीकडच्या धक्क्यावर बाबांनी कोला घेतला. तोही पांढरा, निवडून निवडून, बाईशी घासाघीस न करता. तीदाने आईचा हात घट्ट धरला. कोला म्हणजे सुपारीसारखी चघळायची कडू बी. तो बाबांनाही आवडायचा, पण असा कागदात बांधून नेतात तो मागणं घालायला किंवा काही कबूल करून घ्यायला.

"दगडांना कोला देणार का बाबा?"

"फार बोलते ही पोरगी," बाबा व्हॅनवाल्या दोस्ताला म्हणाले. "आत्यावर गेलीय अगदी."

वासूला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. दगडांच्या फाटकाशी झाडाखाली आत्या भाजलेल्या शेंगा विकत बसली होती. भावाला बघून उठली, तशी कमरेवर हात गेला. विहिरीपाशी पडली होती ती पावसाळ्यात. घरचे खुशाल, गावचे खुशाल, काम खुशाल, अशी सगळी विचारपूस झाल्यावर तिने बॅगेचा पट्टा धरून एक हिसका दिला.

"दादा, एवढी मोठी बॅग, आणि आत नुसती हवा?"

बाबांना खोकला आला. आत्या त्यांच्याकडे बघत राहिली, मग तीदाकडे वळली. "चल गं तोमा, तुला माझे शेजारी दाखवते."

तांबडे, जाडजूड दगड गोल करून उभे होते. काही बाबांपेक्षा उंच. प्रत्येकाच्या डोक्यावर खडे, लोकांनी ठेवलेले. आई-बाबा देम्बोला घेऊन मागे रेंगाळत होते. तेही मुद्दामच असणार, तीदाने मनात म्हटलं.

"खाली राजे आहेत का?"

"असतील. मला तर कुणी भाडं मागितलं नाही अजून," आत्या म्हणाली. "खडा ठेव आणि मनात एक काहीतरी माग. मोठ्याने नाही बोलायचं."

तीदाने टाचा उंचावून खडा ठेवला. मला इथे ठेवू नका. आत्यानेही एक खडा ठेवला, डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. मग एकदम वळून म्हणाली, "काय गं, झोपेत लाथा मारतेस का तू?"

झालं! अंथरुणाची वाटणीसुद्धा ठरली! तीदाचा बांध फुटला.

"मला तुमच्याबरोबर राहायचं नाही! एका घरात तर मुळीच नाही! बाबांनी विचारलं तर तुम्ही नाही म्हणा. शपथ घ्या! या दगडांची शपथ!"

आत्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच अर्धवट राहिलं. तिने दगडावर हात टेकला.

"बरं," ती म्हणाली. "नाही म्हणेन. शपथ."

तीदाला हायसं वाटलं. एवढं सोपं होतं तर! आत्याच्या घरी जाताना तिने दोन उड्याही मारल्या.

आत्याने अंगणात शेंगांच्या रस्सा-भाताचं एकच मोठं ताट वाढलं होतं. सगळे भोवती बसले. तीदाने दणकून खाल्लं. आत्याचा हात मात्र ताटाच्या कडेलाच फिरत होता. जेवणं झाल्यावर बाबांनी घसा साफ केला आणि कागद उलगडून कोला तिच्यापुढे ठेवला.

"तीदा, तीनदा फोनवर नाही म्हणालीस. म्हणून आज न सांगता आलो. तुला न्यायला आलोय. इथे एकटी पडलीस-झडलीस तर कुणाला कळायचं? पोरीची खाट रुंद करायला टाकलीय, तुम्ही दोघी मावाल."

तीदाने एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. न्यायला? ठेवायला नाही, न्यायला? रडेल चार दिवस, ती तीदा कोण मग? अंगणात तर तीदा दोन होत्या.

आत्याने कोला परत बाबांच्या बाजूला सरकवला. "नको दादा. मी इथेच बरी."

"अगं, परवा फोनवर तू जरा नरमली होतीस ना?"

"होते. आता नाही." तिने तीदाकडे बघितलंसुद्धा नाही. शब्दाची पक्की बाई, शपथेचं नावही काढलं नाही. "हे दगड सोडून मला करमायचं नाही, असं समज."

बाबा मान खाली घालून कागदाची घडी करू लागले. तीदाला रडू आलं, स्वतःचाच राग आला.

"तोमा, मला वाटलं, मला ठेवून चाललेत!" ती ओरडलीच. "खाट मोजली, रिकामी बॅग आणली, मला वाटलं मला देऊन शेंगा नेणार! म्हणून मी तसं म्हटलं. तुम्ही येऊ नका असं नव्हतं म्हटलं!"

"शेंगा?" आई म्हणाली. बाबांनी कपाळावर हात मारला.

आत्या मात्र हसली नाही. तिने डोळे बारीक केले. तीदाच्या ओळखीचे डोळे होते ते, रोज आरशात दिसणारे.

"आता बाबांचं तोंड पडलं म्हणून म्हणतेस," ती म्हणाली. "मला वाईट वाटू नये म्हणून."

"नाही!"

"दगडाची शपथ घातलीस मला. पोरं उगाच शपथ घालतात का?"

आता हिला पटवायचं कसं? तीदाने कागदातला एक कोला उचलला आणि दोन्ही हातांनी आत्यापुढे धरला. आत्याने तो घेतला, पण तोंडात घातला नाही, चघळला म्हणजे होकार झाला असता. नुसती बोटांत फिरवत बसली, खोटा आहे का बघावं तशी.

मग तीदा उठली. तिने बॅग ओढत घरात नेली, आपले फ्रॉक काढून जमिनीवर टाकले आणि हाताला लागेल ते भरायला सुरुवात केली. खुंटीवरची लुगडी, आरसा, चपला, नमाजाची चटई. चुलीजवळचं मोठं पातेलं काही आत जाईना. ती ते गुडघ्याने दाबत होती, नाक पुसत होती, पुन्हा दाबत होती.  

बऱ्याच वेळाने दारात सावली पडली. आत्या उभी होती, आणि तिचा एक गाल कोल्याने फुगला होता.

"ते नको," ती म्हणाली. "ते शेजारणीचं आहे. माझं ते निळं, त्या कोपऱ्यातलं."