टोकावरचं भोक

मित्रांनो, मी एक जुनी गोळी आहे. औषधाची नव्हे, रायफलीची! आणि तीही आता अर्धीच. आमच्या गावच्या सभागृहात एका लाकडी पाटीवर मला चिकटवलंय, पोट उघडं टाकून. दरवर्षी शिकारीचा मोसम जवळ आला की इथे शिकारीचे नियम शिकवणारा मुलांचा वर्ग भरतो, आणि आलेला प्रत्येक जण पहिलं बोट ठेवतो ते माझ्या टोकावरच्या भोकावर. अरे, गुदगुल्या होतात! पण बोट ठेवलंच आहे तर ऐका, या एवढ्याशा भोकापायी काय रामायण घडलं ते.

माझा जन्म कारखान्यातला. तांब्याची एक इवलीशी वाटी, तिच्यात शिसं. यंत्राने वाटीच्या कडा पुढे ओढत ओढत निमुळत्या केल्या, आणि शेवटी टोकाशी सुईच्या नेढ्याएवढं भोक राहिलं. बाकी अंग काय सांगू! गुळगुळीत, सडपातळ, शेपटीकडेही निमुळतं. आम्ही शंभर बहिणी, पण वजनात रतीभराचा फरक नाही. आमच्या डब्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'नेमबाजीच्या सामन्यांसाठी'. पण डबा वाचतो कोण? मीही वाचला नाही. मला आपलं वाटायचं, टोकाला भोक आहे म्हणजे मी कुणीतरी खास!

आम्हाला विकत घेतलं तौनो कल्लिओने. मिशिगनच्या पार उत्तरेला, सुपीरियर सरोवराच्या काठी त्याचं घर. त्याचा आजा फिनलंडहून येऊन इथल्या तांब्याच्या खाणीत खपला होता, म्हणून तौनो आम्हाला हातात घेऊन म्हणायचा, "आमच्या घराण्याचं तांबं आहे हे!" तळघरात बसून तो बंदुकीची दारू कण कण मोजून पितळी पुंगळीत भरायचा, आणि वर आमच्यातल्या एकेकीला अलगद दाबून बसवायचा. काडतूस तयार झालं की त्यावरून अंगठा फिरवायचा. मी तर फुलून जायचे.

त्या उन्हाळ्यातला सामना मला अजून आठवतो. तीनशे यार्डांवर कागदाची चकती, आणि माझ्या वीस बहिणी एकामागून एक सुटल्या. वीसच्या वीस एका बशीत मावतील इतक्या जवळ! लोकांनी टाळ्या पिटल्या, तौनोला चषक मिळाला. आणि मी? मी बाविसावी. माझा नंबर आलाच नाही! बाकीच्या सरावातच संपल्या होत्या; एकविसावी आणि मी, आम्ही दोघीच उरलो आणि तळघरातल्या फळीवर येऊन पडलो.

फळीवर शेजारी तौनोच्या बायकोची, सिल्वीची, काडतुसं होती. तिच्या जुन्या आखूड रायफलीची. त्यांच्या गोळ्या बघून मला हसू फुटलं. नाक बोथट, वर शिसं उघडं पडलेलं. मी त्यांना 'नकट्या' म्हणायचे. 

बघता बघता नोव्हेंबर आला. पंधरा नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे सणच! हरणांची शिकार त्या दिवशी सुरू होते. शाळा बंद, लाकडाची वखार बंद, जो तो नारिंगी कोट घालून जंगलात. चौदा तारखेला दुपारी सिल्वीचा भाऊ ओन्नी आला, तेव्हा तौनो डोक्याला हात लावून बसला होता. त्याच्या रायफलीची शिकारीची काडतुसं संपली होती, आणि गावातल्या दोन्ही दुकानांत एक मिळेना.

ओन्नीने मला फळीवरून उचललं, उजेडात धरलं. "दाजी, काखेत कळसा न् गावाला वळसा! ही काय मग?"

"ती सामन्याची."

"अहो, टोकाला भोक आहे की! भोकाची गोळी शिकारीचीच असते. आत शिरली की फुलासारखी उमलते, हरीण जागेवर आडवं."

तौनोने मला निरखून पाहिलं. मला वाटलं, आता उडीच मारावी! बघा, मी म्हणत नव्हते, मी खास आहे म्हणून?

सिल्वी ओट्याशी उभी राहून करंजीसारख्या पास्टीत मटण-बटाटे भरत होती. दुखऱ्या गुडघ्याला पट्टा बांधलेला, त्यामुळे ती यंदा जाणार नव्हती. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. "डब्यावर काय लिहिलंय?"

"डब्याचं काय घेऊन बसलीस?"

"माझी रायफल ने."

"ते खेळणं? शंभर यार्डांपुढे काठीसारखं फेकून मारावं लागतं! मी तीनशे यार्डांवरून बशीत मारतो, बाईसाहेब."

"बशीला पाय नसतात, तौनो," सिल्वी म्हणाली आणि पास्टीच्या कडा दाबत राहिली.

पण तौनो कसला ऐकतोय! पहाटे त्याने आम्हा दोघींनाच घेतलं. "एक हरीण, एक गोळी. दुसरी आपली शोभेला," असं ओन्नीला ऐटीत सांगितलंही. एकविसावी पुढे, मी तिच्या मागे. तिचा इतका हेवा वाटला म्हणून सांगू!

ताजं बर्फ पडलं होतं. उजाडता उजाडता माळाच्या पलीकडच्या कडेला तो आला. मोठा नर, डोक्यावर दहा टोकांची शिंगं. तौनो गेली तीन वर्षं त्याच्या मागावर होता.  माझी छाती धडधडत होती, म्हणजे असती तर धडधडली असती! धाड! एकविसावी सुटली. नेम बरोबर खांद्यामागे, तसूभरही इकडेतिकडे नाही.

नर दचकला. पाठीला बाक आला. आणि मग शेपूट खाली पाडून तो धावत सुटला, सरळ दलदलीतल्या झाडीत.

"लागली!" ओन्नी ओरडला.

"लागलीच," तौनो म्हणाला. पण जिथे हरीण उभं होतं तिथे जाऊन दोघे बघतात तर बर्फावर चार केस. पन्नास पावलांवर रक्ताचा एक थेंब, मोहरीएवढा. पुढे शंभर पावलं काहीच नाही. तौनोचं तोंड उतरलं. दलदलीत हरणांच्या पावलांचा नुसता गुंता होता, त्यात वरून पुन्हा बर्फ पडायला लागलं. माग बुजला असता तर तो नर कुठेतरी झाडीत दोन दोन दिवस तडफडत राहिला असता.

ओन्नीने घरी फोन लावला. माग काढण्यात सिल्वीचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. ती लंगडत आली, खांद्यावर ते 'खेळणं' अडकवून.  वाकून वाकून बर्फ बघायची, मोडलेल्या काडीला हात लावायची, पुढे सरकायची. गुडघाभर चिखलात पाय रुतला की "वोय वोय" करायची आणि पुन्हा चालायला लागायची. तीन तास! मी रायफलीत बसून एकच घोकत होते, आता माझी पाळी, आता माझी पाळी.

शेवटी एका आडव्या पडलेल्या झाडाआड तो दिसला. बसला होता. जिवंत होता. तोंड उघडं, बरगड्या भराभर हलत होत्या. आम्हाला पाहून त्याने उठायचा प्रयत्न केला, पण पुढचे पाय दुमडले.

तौनोने रायफल खांद्याला लावली. मी नळीत, दुर्बिणीत तो नर, बोट चापावर. माझा क्षण!

"ती नको," सिल्वी हळूच म्हणाली. "पुन्हा तेच करायचंय?"

तौनो थांबला. मग त्याने नळीमागचा खटका मागे ओढला आणि मी बाहेर पडले, सरळ बर्फात! मित्रांनो, तेवढ्या वेळात मला राग, लाज, सगळं एकदम आलं. पण तिथून मला त्या हरणाचा डोळा दिसत होता. त्यानंतर मला उडावंसं वाटलं नाही.

"तूच मार," तौनो म्हणाला. 

सिल्वीच्या रायफलीचा एकच बार झाला. नराची मान खाली टेकली आणि सगळं शांत झालं. माझ्या नकटीने आत शिरताच उमलून काम केलं होतं. एकविसावी मात्र या अंगाने शिरून त्या अंगाने निघून गेली होती, पेन्सिल घुसवावी तेवढंच भोक पाडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तौनोने मला पुंगळीतून उपसून काढलं, शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळलं आणि करवतीने उभं चिरलं. सिल्वी कॉफीचा पेला घेऊन बाजूला उभी होती. दोघांनी वाकून आत पाहिलं. भोकामागे थोडी पोकळी, आणि तिच्यामागे घट्ट शिसं. बस्स!

"हे उमलायला ठेवलेलं भोक नव्हतंच," तौनो म्हणाला. "कारखान्यात तोंड मिटता मिटता राहून गेलेलं आहे."

"डब्यावर लिहिलं होतं," सिल्वी म्हणाली. मग तिनेच तो रिकामा डबा कापला आणि या पाटीवर माझ्या शेजारी चिकटवला.

तेव्हापासून दरवर्षी तौनो या वर्गात येतो आणि स्वतःची फजिती स्वतःच सांगतो. कुणीतरी विचारतंच, "मग सामन्याच्या गोळीने हरीण मरत नाही का?" तो म्हणतो, "मरतं की कधी कधी. कधी आत शिरताच तिचे तुकडे होतात, कधी सरळ आरपार जाते. कुठल्या वेळी काय करेल ते मला सांगता येत नाही. आणि जे मला सांगता येत नाही, ते मी हरणावर करून बघणार नाही."

यंदाची गंमत सांगते. वर्गातली सगळी मुलं नेहमीसारखी माझ्या भोकावर तुटून पडली. पण दोन वेण्यांची एक मुलगी मागेच थांबली. हात पाठीशी बांधून तिने आधी डबा वाचला, एकेक अक्षर लावून. मग म्हणाली, "ही हरणाची नाहीये."

मला इतका आनंद झाला, वीस बहिणींच्या टाळ्या एकट्या मला मिळाल्यासारखा!  तौनोने नारिंगी कोटाच्या खिशात हात घातला आणि मुठीत काहीतरी घट्ट धरलं. माझा दुसरा अर्धा तुकडा तिथे असतो.

म्हणून मित्रांनो, भोकावर बोट खुशाल ठेवा, माझी ना नाही. फक्त आधी डबा वाचा. तो नर काही वाचू शकत नव्हता.