लक्ष्म्या दारात, किल्ली फ्रिजवर

आमच्या ह्यांना मोबाइलचं लई येड. आधी दिवे, मग पंखा, मग गिझर, आन् गेल्या दिवाळीला सदर दाराचं कुलूप. समदं मोबाइलवर चालणारं. लातुरात आपल्या गल्लीत असलं घर दुसरं न्हाई, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी सांगतात, चहा मागनं पाजतात. एकदा मी विचारलं, पंखा लागायला कधीकधी एवढा येळ का? तर म्हणले, आपण बटण दाबलं की निरोप परदेशात कंपनीच्या मोठ्या कंप्युटरला जातोय, तिथून हुकूम आला की पंखा फिरतोय. मी कपाळावर हात मारला. माणूस हितं, पंखा हितं, आन् परवानगी सातासमुद्रापल्याडची! पण बोलून काय उपेग? हौसेला मोल नसतं.

औंदा मात्र गोष्ट येगळी होती. आमच्या घरच्या महालक्ष्म्या आजवर लोह्याजवळच्या गावी, आत्याबाईंकडं बसायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासू, नागाबाई. त्यांच्या गुडघ्यांनी आता साथ सोडली. म्हणून औंदा मुखवटे घेऊन त्या लातूरला आल्या आन् आल्या आल्या सांगून टाकलं, लक्ष्म्या कायमच्या कुण्या सुनेकडं द्यायच्या ते ह्या सणात ठरवणार. एक मी, दीपमाला, धाकटी. दुसरी माझी जाऊ, नांदेडची अयोध्याबाई, सोवळ्या-ओवळ्यात एकदम पक्की. मी बियाणं तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते, म्हणून घरात माझ्यावर एकच शिक्का: हिला काय जमतंय. मला लक्ष्म्या पायजे होत्या. लई पायजे होत्या. त्यात लाजायचं काय?

लक्ष्म्या दिवस मावळायच्या आत घरात घ्यायच्या होत्या. मखर सजलं, रांगोळीची पावलं दारापासून आतल्या खोलीपर्यंत काढून झाली. आमची रीत अशी, की अंगणातल्या तुळशीपाशी मुखवटे पूजायचे, मग दोघी सुनांनी एकेक हातात घेऊन दाराशी यायचं. घरची मालकीण आत थांबती आन् पुसती, कोण आलंय? भाईरून जबाब मिळाला की मगच उंबरा वलांडायचा. आन् एकदा उचललेला मुखवटा मखरात बसंस्तोर खाली टेकवायचा न्हाई. टेकवला तर लक्ष्मी वाटंतच बसली म्हणतात.

ह्यांच्या डोक्यात भलतंच. लक्ष्म्या दाराशी आल्या की दार आपोआप उघडणार आन् आतली रोषणाई एकदम लागणार, म्हणून आई, तू बी भाईर येऊन बघ. आत्याबाई म्हणल्या, मग पुसणार कोण? तर म्हणले, दार उघडलं की तू पयली आत जा आन् पूस. समदे भाईर आल्यावर त्यांनी आपल्याच हातानं दार ओढून घेतलं. कट्ट करून कुलूप बसलं.

आम्ही दोघी मुखवटे घेऊन दाराशी आलो. ह्यांनी ऐटीत मोबाइल दाबला. काही न्हाई. परत दाबला. स्क्रीनवर आलं, सर्व्हर उपलब्ध नाही. कंपनीला फोन लावला तर गोड आवाजाची एक पोरगी म्हणली, समदीकडंच बंद हाय, काम चालू हाय, काही तास लागतील. आता साधी किल्ली? ती फ्रिजवर, म्हणजे आत. मागच्या दाराला आतून कडी, खिडक्यांना गज. गल्लीतल्या बाया जमल्या. जाऊबाई हळूच म्हणल्या, आमच्याकडं नांदेडला साधंच कुलूप हाय बाई.

हात भरून आले होते, पण मुखवटा टेकवायची सोय नव्हती. ऊन समोरच्या भिंतीवर चढत चाललं होतं. आत्याबाई कुणाकडं बघत नव्हत्या, नुसत्या मुखवट्यांकडं बघत होत्या. मग लेकाला म्हणल्या,

"आदिनाथ, कुलूप हितं आन् त्याचा मालक परमुलखात. असल्या घरात लक्ष्मीनं कसं राहावं?"

लक्ष्म्या नांदेडला चालल्या, हे मला तिथंच कळलं.

हे म्हणले, हातोडा आणतो, कुलूप फोडतो. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. लक्ष्मी दारात उभी आसताना दार फोडायचं? मी म्हणले, तुमची अक्कल आता खिशात ठेवा, त्या मोबाइलसंगं. माझा मुखवटा मी आत्याबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो छातीशी धरला.

मी पदर खोचला आन् शेजारच्या ईश्वरप्पाअण्णांच्या घरात शिरले, जिना चढून थेट त्यांच्या गच्चीवर. दोन गच्च्यांच्या मधी हातभर बोळ हाय. आमच्या गच्चीवरच्या जिन्याच्या दाराला साधी कडी, ती बी भाईरून. तिथवर ह्यांची हौस पोचली नव्हती. अण्णा मागून म्हणत होते, बाई, पडशील, माणूस बोलावतो. कशाला माणूस? कंधारकडच्या गावात माळवदावरून माळवदावर उड्या मारत, मिरच्या वाळत घालत वाढलेली पोरगी मी. लुगडं आवरलं आन् टाकली उडी.

कडी काढून जिना उतरले. रांगोळी मोडू न देता भिंतीकडंनं दाराशी आले. आतून ते दार नुसत्या हातानं उघडतंय. मुठीवर हात ठेवला आन् थांबले. पुसायचं राहिलं होतं की. आन् आत तर माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.

"कोण आलंय?" मी मोठ्यानं पुसलं.

हा सवाल त्या घराण्यात आत्याबाईंशिवाय दुसऱ्या कुणी केला नव्हता. त्यांनी जबाबच दिला न्हाई तर? तरी मी दार उघडलं न्हाई.

"महालक्ष्मी आली," आत्याबाईंचा आवाज आला.

"कशाच्या पावलांनी?"

"सोन्याच्या पावलांनी."

मी दार उघडलं. त्यांच्या पायावर पाणी घातलं, ओवाळलं. आत्याबाई उंबरा वलांडून आत आल्या, मागून जाऊबाई, आन् सगळ्यात शेवटी मान खाली घालून हे. दिवस मावळायच्या आत लक्ष्म्या मखरात बसल्या.

आरती झाल्यावर जाऊबाईंनी विचारलंच, मग आत्याबाई, पुढल्या साली नांदेडला ना? आत्याबाई पाटावर टेकल्या होत्या, गुडघा चोळत होत्या.

"न्हाई गं," त्या म्हणल्या. "आतून तिनं पुसलं आन् भाईरून जबाब मी दिला. मी आता भाईरची झाले. लक्ष्म्या तिच्या."

मी त्यांच्या पाया पडले आन् तिथंच, समद्यांच्या म्होरं, रडले.