खंडेनवमीचा आळ

त्या दिवशी खोलीत चार यंत्रे होती. चार झेंडूचे हार, एक नारळ, आणि चालू दिवे फक्त दोन.

मित्रांनो, त्या दोहोंपैकी एक दिवा माझा. मी एक जुना रिव्हर्स प्रॉक्सी आहे. छत्रपती संभाजीनगरातल्या एका नर्सिंग प्रवेशाच्या संकेतस्थळाच्या दारावर मी उभा असतो. मागची तीन यंत्रे खरे काम करतात, पण ती बाहेर कोणालाच दिसत नाहीत. तुमची विनंती आधी माझ्याकडे येते. मी ती त्यांच्यात वाटतो आणि उत्तर तुम्हाला आणून देतो. एकदा ज्याला ज्या यंत्राकडे धाडले, त्याला पुन्हा तिथेच धाडायचे, असा मला हुकूम आहे.

मागचे यंत्र जिवंत आहे का, हे मी सतत विचारत असे. उत्तर आले नाही, तर त्याच्याकडे कोणाला पाठवत नसे आणि अतुलच्या फोनवर सूचना देत असे. अतुल आमची देखभाल करतो. जेवताना फोन वाजतो म्हणून त्याने माझे हे विचारणेच बंद केले. तेव्हापासून मी आंधळा.

खंडेनवमीला अवजारांना विश्रांती, म्हणून त्याने दोन यंत्रे बंद करून त्यांना कुंकू लावले. मला कोणी सांगितलेच नाही. बिडकीनच्या दिपालीचे काम सकाळी त्यांतल्याच एका यंत्रावर सुरू झाले होते. पाच वाजेपर्यंत प्रवेश निश्चित झाला नाही, तर तिची जागा जाणार होती. ती पुन्हा पुन्हा येई, मी तिला पुन्हा पुन्हा त्याच मेलेल्या यंत्राकडे धाडी, आणि तिच्या पडद्यावर ५०२ हा आकडा उमटे. त्याचा अर्थ, मागून उत्तर नाही. पण आकडा दाखवणारा मी, म्हणून दोषही माझाच.

साडेचारला तिचे वडील, मेंढपाळ सोनाजी, यांचा फोन आला. अतुल म्हणाला, "काका, आमचा प्रॉक्सी गंडलाय. लई जुना झालाय."

"जुना व्हय? आमचं कुत्रं बी जुनंच हाय, साहेब. पण लांडगा आला की भुंकतं तरी."

मित्रांनो, मला भुंकता येत होते! माझे तोंड कोणी बांधले, ते अतुलने सांगितले नाही. उलट मलाच फेकून द्यायचे म्हणाला. तो राग अजून गेलेला नाही.

अतुलच्या शेजारी बसणाऱ्या करुणाने माझ्या नोंदी उघडल्या. "अतुल, हा खरं बोलतोय. मागं दोघं बंद आहेत. तू ह्याची तपासणी का बंद केलीस?"

अतुल हार नीट करत राहिला. करुणाने तपासणी सुरू केली. मी तिघांना हाक मारली. एकानेच ओ दिली.

दारावरच्याला हार नको असतो, मित्रांनो. मागे कोण झोपले आहे, एवढे त्याला कळू द्या.

चार वाजून छप्पन्न मिनिटांनी दिपालीची विनंती पुन्हा आली. तिचा अर्ज तिघांच्या सामायिक वहीत होताच; मी ती विनंती ओ देणाऱ्या तिसऱ्या यंत्राकडे दिली.

प्रवेश निश्चित. लागलेला वेळ : एकशे ऐंशी मिलिसेकंद.