उमाय हे नाव कुणाचं?

मी एक नाव बोलतेय. उमाय. नवल करू नका. आजवर लोक मला हाका मारत आले, एकदा मी मारली तर काय बिघडलं?

कुळ विचाराल तर मोठं आहे. आमच्या किर्गिझ मुलखात उमाय म्हणजे तान्ह्यांची राखण करणारी आई. सुईण बाळाला हात लावताना म्हणते, "हात माझा नाही, उमायमातेचा." बाळ झोपेत हसलं की म्हाताऱ्या म्हणतात, "उमाय खेळवतेय."

एवढी थोर मी, आणि वाट्याला आले काराकोलच्या बाजारात मांसाचे सम्से, म्हणजे समोसेच, तंदुरात भाजणाऱ्या बाईच्या! तिला ना नवरा, ना मूल. जीभ तंदुरापेक्षा गरम. तिच्या आजीनं हौसेनं ठेवलेली मी, "उमाय, आज मीठ विसरलीस!" एवढ्यापुरतीच उरले होते.

रोज तिचे सम्से खाणारे असानकुल मास्तर कथा लिहायचे. एका कथेत त्यांनी सम्सेवाली घातली आणि तिला मलाच चिकटवलं. जगाची लेकरं सांभाळणाऱ्या देवीचं नाव, आणि कूस रिकामी! मास्तर स्वतःवरच खूश. कथा रेडिओवर वाचली गेली. मीही हुरळले. किती वर्षांनी कुणीतरी माझा अर्थ लावला होता!

दुसऱ्या दिवशी बाजारात जो तो उमायकडे कीव करून बघू लागला. एका बाईनं तर सम्से घेताना तिचा हात कुरवाळला. उमायनं तंदूर झाकला, सम्से काढायचा लोखंडी आकडा उचलला आणि मास्तरांचं घर गाठलं.

"मास्तर, बाहेर या! नाव घेतलंत ते घेतलंत, वर नावंही ठेवलीत?"

मास्तर बायकोच्या पाठीमागे. "एजे, तुम्ही मला थोरल्या बहिणीसारख्या. ते... ते प्रतीक आहे हो."

"हा प्रतीक कोण? त्यालाही काढा बाहेर!"

तेवढ्यात पाळण्यातली नात किंचाळली. मास्तरांना वाटलं, देवीच धावून आली. त्यांनी नात उचलून उमायच्या हातात दिली. "आता बघा, कशी शांत होते." मीही श्वास रोखला, अब्रूचा प्रश्न होता. नातीनं असा टाहो फोडला की अंगणातला घोडा बिथरला.

उमाय खो खो हसत सुटली. "घ्या मास्तर, तुमचं प्रतीक. ओलंही झालंय."

मास्तरांच्या बायकोनं, बुरुलनं, चहा ओतला. पेल्याकडे बघत उमाय हळूच म्हणाली, "मला मूल नाही, खरंय. पण लग्नाच्या मागण्या आल्या होत्या, मीच नको म्हटलं. पहाटे तंदुराची ऊब अंगाला लागते ना, तेव्हा मला काही रिकामंबिकामं वाटत नाही. हे कुठं लिहिलंत? विचारलंत तरी का?"

मास्तरांची मान खाली. "नाव बदलू का, एजे?"

"खबरदार! नाव आजीनं दिलंय. गोष्ट बदला."

मास्तरांनी ती बदलली. रेडिओवर पुन्हा लागली तेव्हा उमायनं ट्रान्झिस्टर तंदुराशेजारीच ठेवला.

"अहो बाई, सम्से करपतायत!" गिऱ्हाईक ओरडलं.

"करपू देत. गप्प बसा, माझं नाव चाललंय."

आता मी बरी आहे. कथा लिहिणाऱ्यांनो, माझ्यासारखी नावं खुशाल घ्या. देवीला नाही विचारलंत तरी चालेल. ती रागावली तर आभाळातच गडगडेल. तंदुराजवळच्या बाईला मात्र आधी विचारा. ती घरी येते.