किटोव्याचा ठिपका

"सम्यक, मॅप बघितलास? एकच डॉट उरलाय!" लंडनच्या ईलिंगहून बोलणाऱ्या वरदाचा आवाज फोनमध्ये मावत नव्हता. "अख्खा देश ब्लॅकआउट, आणि एक डॉट चालू! प्रेसला हेच हवंय. बाराला लाइव्ह जातोय आपण."

मिल्टन कीन्समधल्या आपल्या खोलीत सम्यक सकाळपासून दुसरं काही बघतच नव्हता. आफ्रिकेतल्या त्या देशात निवडणुकीच्या तोंडावर सरकारने इंटरनेट तोडलं होतं. तिथल्या स्वयंसेवकांच्या घरी या दोघांच्या संस्थेने दिलेल्या छोट्या डब्या होत्या. नेट चालू असेल तोवर प्रत्येक डबी नकाशावर आपला ठिपका उजळत ठेवी. एकेक करून सारे मालवले. तळ्याकाठच्या किटोवा गावचा तेवढा उरला, कारण इमानीच्या डबीला उपग्रहाची जोडणी होती.

इमानी शाळेत भूगोल शिकवायची. समोरासमोर ज्याला धड बोलता येत नसे, तो सम्यक तिला पानंच्या पानं लिहीत असे.

"वरदा, तो डॉट म्हणजे तिचं घर आहे. मॅप पोलीसही बघतात."

"मग लपवायचा? अरे, सगळं ओपन ठेवायचं यासाठी तूच भांडला होतास ना?"

खरं होतं. कुणालाही काही झाकता येऊ नये, अशीच नकाशाची रचना त्याने केली होती. सारं गाव अंधारात बुडाल्यावर एकटा जळणारा दिवा कुणाचं दार दाखवील, हे त्या उत्साहात ध्यानीच आलं नव्हतं. आता डबी इथून बंद करणं एवढंच हाती होतं. मग त्याच डबीतून येणारे इमानीचे शब्दही थांबणार.

त्याने तिला सारं लिहिलं. उत्तर आलं : "गल्लीत गाड्या फिरताहेत. बंद करायला हवं, कळतं मला. पण मग तूही जाशील."

त्याने बरंच लिहिलं, खोडलं. शेवटी एवढंच पाठवलं : "मी इथेच असेन."

"कर."

त्याने केलं.

बाराला काळाभोर नकाशा जगापुढे गेला.

"बंद पडला, की केलास?" वरदाने विचारलं.

"केला."

"बातमी लहान झाली रे," ती म्हणाली. पण आवाजात राग नव्हता.

आई, धम्मशीलाबाई, दारात आल्या. "काय म्हणते रे तुझी इमानी? पेपर तपासून झाले का तिचे?"

"आज नेट नाही गं तिच्याकडे."

त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पलीकडची खुर्ची ओढून त्या त्याच्याशेजारी बसल्या आणि त्याच्यासारख्याच त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या.